घोट्यातलं हाड

बाहेर उणे एकतीस.
उलानबातरच्या या वर्गात खिडकीने आतून बर्फ धरलंय,
हीटर नुसताच खोकतो.

मी माणसाचं एक हाड तळहातावर घेऊन
बाकांमधून फिरते.
अक्रोडाहून मोठं, आकाराने कशासारखंच नाही,
कूर्चा होती तिथे झिजल्या साबणासारखं गुळगुळीत.
"सांगा, याला कुठले स्नायू चिकटतात?"

पहिल्या बाकावरून नावं येतात भराभर,
रात्री पाठ केलेली, लॅटिन, घामेजलेली.
पोटरीतला तो. नडगीपुढचा तो. अंगठा वाकवणारा तो.
प्रत्येकाला मी मान हलवते.
तेमूलेन म्हणतो, "न्यामसुरेन बाई, मग उरलेले सगळे!"
वर्ग हसतो.
"एकही नाही," मी म्हणते.

वरून नडगी उभी राहते याच्यावर,
खालून टाच याला पेलते,
कंडरा येतात, कडेने वळतात, पुढे निघून जातात
घाईतल्या पाहुण्यांसारख्या, उंबऱ्याला पाय न लावता.
उभ्या माणसाचा सगळा भार यातून जातो
आणि याला ओढणारं, हलवणारं, आपलं म्हणणारं
मांस नाही.
रक्तही येतं ते पुढून शिरून उलटं मागे, जेमतेम.
म्हणून हे मोडलं की सहजी जुळत नाही.
लिहून घ्या.

ते लिहून घेतात.

झावखानच्या आमच्या गेरमध्ये
बाप हाडं बसवायचा. गोंबोजाव. शाळा चौथीपर्यंत.
कुणी एक्स-रे आणला तर
धुराड्याच्या उजेडात धरून म्हणायचा, "ढग छान आलेत."
मग डोळे मिटून, अंगठ्यांना लोणी चोळून
सुजलेल्या पायावरून बोटं अशी न्यायचा
जसं अंधारात आपल्याच घोड्याचं खोगीर चाचपावं.
भाऊ पडला त्या शरदात तो किंचाळत होता,
आणि बाप विचारत होता,
"तांबड्या घोडीचं शिंगरू आपण कुणाला दिलं रे?"
भाऊ आठवू लागला.
कट्.
शिंगरू कुणाला दिलं ते अजून कुणालाच माहीत नाही.

मेंढीचं हेच हाड, एवढंसं,
पांढऱ्या महिन्यात आम्ही पोतडीतून सतरंजीवर ओतायचो:
घोडा, उंट, मेंढी, बोकड,
चार अंगांची चार नावं.
बापाने चारशेच्या वर जमवली होती.
जेवताना घोटा कुणाच्याही ताटात गेला तरी
शेवटी तो त्याच्याच दातांनी साफ व्हायचा.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात
विहिरीजवळच्या बर्फावर त्याचाच पाय वळला.
अख्ख्या खोऱ्याचे पाय बसवले त्याने;
त्याचा बसवेल असं कुणी खोऱ्यात नव्हतं.
मी हजार किलोमीटरवर, याच खोलीत,
फळ्यावर घोट्याचं चित्र काढत होते.
निळ्या खडूने रक्तवाहिन्या.
लाल संपला होता.
त्याने स्वतःच पट्टी गुंडाळली, म्हणे,
आणि वसंतापर्यंत लंगडत मेंढ्या मोजल्या.
फोनवर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही,
चालणं कसंय, म्हणून.
आधी हृदय गेलं, घोटा नंतर.

तास संपतो. तेमूलेन रेंगाळतो.
"बाई, मग ते जागेवर राहतं कसं?"
"शेजाऱ्यांमुळे," मी म्हणते,
आणि पुस्तकातले अस्थिबंध एकेक मोजून दाखवते,
कारण परीक्षेत शेजारी चालत नाहीत.

कोट काढताना खिशातलं घरंगळतं,
टेबलाखाली जातं.
आम्ही दोघं वाकतो.
शहरातलं पोर. जरा विचार करून म्हणतो, "घोडा?"
खोलगट बाजू वर आहे.
"बोकड," मी म्हणते.
तो उचलून माझ्या हातात देतो, उलटं धरून.
मी सरळ करत नाही.