भोपळा

निळा डबा मांडीवर घेऊन बसलोय.
लोकांना वाटत असेल, निघालाय बिचारा कामावर, जेवण घेऊन.
आत बर्फाची पिशवी, आणि बर्फात
माझा आज सकाळचा नमुना.
जेवणच म्हणायचं तर म्हणा.
नंतरचं.

लिटल हैती मागे पडतंय. मायामीच्या फुटपाथवर कोंबड्या,
फटाक्यांचे भिजलेले लाल कागद,
आणि वर आकाश असं, की कुणाचंच काही बिघडलेलं नाही.

विल्नेर देरोझिए. वय बावन्न.
एकोणीस वर्षं एचआयव्ही, सव्वीस वर्षं कोकेनचा धूर.
विषाणूचं काही नाही आता. रोज एक गोळी,
आणि दर तीन महिन्यांनी रिपोर्टात भोपळा:
मोजता येणार नाही इतका कमी.
शाळेत गणितात मिळायचा तेव्हा आई चप्पल काढायची,
आता मिळाला की नर्स ओदालिस टाळी देते.

तिनंच एकदा आतडं काढून दाखवलं कागदावर.
पेन संपत आलेलं, रेघ मधेमधे तुटायची.
"हे बघ, हे असंच आहे तुझं," म्हणाली.
रक्तात दिसायच्या आधी तो इथे शिरतो,
शरीराचे बहुतेक शिपाई या भिंतीआडच राहतात,
पहिल्या काही आठवड्यांत कत्तल त्यांची.
गोळ्यांनी कत्तल थांबली,
पण भिंत पहिल्यासारखी लिंपली गेली नाही.
आणि त्यात तू पाइप ओढतोस.
रक्तवाहिन्या आवळतात, आतड्याला रक्त पोचत नाही, भूक मरते,
आतले भले जंतू उपाशी जातात, उरतात ते गुंड,
फटींतून गळत रक्तात उतरतात,
आणि अंग रात्रंदिवस धुमसत राहतं, ताप नसलेल्या तापात.

मी म्हटलं, आमच्या घराण्यात सगळं पोटात ठेवायची पद्धत आहे.
ती हसली नाही.
"तुझ्या पोटात काही राहत नाही, विल्नेर. गळतंय."

फॉर्म: मागच्या तीन दिवसांत काय खाल्लं?
तीस डिसेंबर. काही नाही.
एकतीस. सोडा. केळ्याच्या चिप्स, अर्धी पिशवी. धूर.
(धूर खाण्यात धरत नाहीत. तरी लिहिला.)
एक जानेवारी.

इथे पेन थांबलं.

पहाटे योलेतच्या पायरीवर उभा होतो, बेल न वाजवता.
तिचा मिक्सर मी विकला त्याला चार वर्षं झाली,
तेव्हापासून बोलत नाही बहीण.
पण एक तारखेला आमच्यात भोपळ्याचं सूप असतं.
पूर्वी रांधायचे आमचे लोक आणि प्यायचा मालक,
म्हणून त्या दिवशी दारातून कुणाला परत पाठवत नाहीत,
चोराला सुद्धा.
दार उघडलं. वाडगा पायरीवर आला. दार लागलं.

पहिला घोट पोटानं ओळखलाच नाही.
मग कोबी, सलगम, मऊ झालेलं मटण.
डोळ्यांत पाणी आलं, मिरचीनं.
अर्ध्या तासात असा मुरडा उठला
की आंब्याचं खोड धरून वाकलो,
घाम, थरथर, जिभेखाली खारट पाणी.
वरची खिडकी किलकिली झाली.
"राहिलं का पोटात?"
चार वर्षांतलं पहिलं वाक्य.
राहिलं, म्हटलं.
दुसरा वाडगा आला.

एक जानेवारी. भोपळा. दोन वाडगे.

ओदालिस बाटलीवर नंबर चिकटवते. नाव नसतं.
उणे ऐंशीच्या फ्रीजरात वर्षानुवर्षं राहील म्हणे,
कधीतरी कुणी वितळवून जंतू मोजेल,
कोण तगलं, कोण मेलं.
योलेतची मिरची त्याला कशी सापडणार?

"शेवटचा धूर?"
एकतीस, रात्री अकरा.
"आणि आज?"

आज दोन तारीख. खिशात बसचं भाडं आहे,
आणि त्याहून थोडं जास्त.
तेवढ्यात पोट गुरगुरलं, तिला ऐकू जाईल एवढं.
तिनं मान वर केली.
"भूक," मी म्हटलं.
खात्री नव्हती.