वेढे

देवपुरात, पहिल्या मजल्यावर, पत्र्याखाली,
कूलर पाण्याऐवजी धूळच फेकत होता त्या मे महिन्यात
मी बेचाळीस तासांचा कोर्स संपवला,
दीडपट वेगाने, म्हणजे अठ्ठावीस तासांत.
शिकवणारा कुठल्याशा थंड शहरातला.
स्वेटर घालून टाइप करायचा
आणि त्याचं सगळं पहिल्याच फटक्यात चालायचं.
मी मान डोलवायची.
मान डोलवण्यात मी अगदी तरबेज झाले.

मग एका संध्याकाळी कोरी फाईल उघडली
आणि कर्सर लुकलुकत राहिला,
पाहुणा दारात उभा
आणि मला त्याचं नावच आठवेना.

खाली भटू मिस्तरींचं मोटर वाइंडिंग.
वार्निशचा वास जिना चढून थेट उशीपर्यंत यायचा.
साक्री, कापडणे, शिंदखेडा, तिकडच्या विहिरींतल्या
जळक्या मोटरी तिथे पोट उघडून पडलेल्या.
तुम्ही हे कुठे शिकलात, मी विचारलं.
तोंडातली तार न काढता म्हणाले,
"देखीसन येत नई, माय. करीसन येस."
झालं. मला उत्तर मिळालं.
वर जाऊन कोर्स पुसूनच टाकणार होते,
पण नेमकी लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी बघते तर
पकडीला टेकवलेला त्यांचा मोबाईल,
आत राजकोटचा कुणी कारागीर
नव्या बनावटीची मोटर भरतोय, गुजरातीत.
दर पाच वेढ्यांनी भटूअण्णा
बोटाचं तेलकट पेर काचेवर टेकवायचे.
"थांब रे," म्हणायचे त्याला, खरंच, मोठ्यानं,
आणि तांबं ओढायचे.
अकरा मिनिटांचा व्हिडिओ त्यांना
भाकरी-ठेचा धरून पावणेचार तास पुरला.
शेवट तर पाहिलाच नाही.
मोटर भरून झाली होती.

त्यांची वही वार्निशने चिकटलेली:
कुणाची मोटर, कितव्या गेजची तार, किती वेढे.
एक पान उलटलं की तीन उलटायची.
मी म्हटलं, मी करून देते.
म्हटलं, आणि घशाला कोरड पडली.

नऊ दिवस.
तोच स्वेटरवाला पुन्हा काढला,
या वेळी साध्या वेगाने, आणि दर ओळीला थांबवून.
तेव्हा पहिल्यांदा दिसलं
की टाइप करण्याआधी तोही क्षणभर अडखळतो,
की सातव्या भागात, चौदाव्या मिनिटाला
तो एक कंस विसरतो, हसतो, मागे जातो.
दीडपट वेगात
ते हसू कुठल्या कुठे उडून गेलं होतं.

दहाव्या दिवशी लॅपटॉप खाली नेला,
त्यांच्याच बाकावर, तारांच्या रिळांमध्ये.
पहिली नोंद अण्णांनी स्वतः केली,
एका बोटाने, कोंबडी दाणे टिपते तशी.
वेढे: ४२-४२-३८.
मी तिथे एकच आकडा धरून बसलेली.
सगळा पडदा लाल.

कुठल्याच भागात हे नव्हतं.
त्या थंड शहरात कुणाची मोटर जळत नसावी.

अण्णा वाकून बघत राहिले.
"जयनं का?"
हो, म्हटलं. जळालं.
"मंग आते शिकशी,"
म्हणाले, आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

स्पेसबार तेव्हापासून
जरा चिकटतो.