आधी कोणाला

विडी घरकुलात आमच्या गल्लीला पाणी पाचव्या दिवशी,
कधी रात्री दीडला, कधी पहाटे पावणेचारला,
वेळ त्याची त्यालाच ठाऊक.
तोवर दर घरात एक बाई जागी असते
नळाकडे कान लावून.
आमच्याकडे आई.
सुपात तेंदूची पानं, हातात कात्री,
जागायचंच आहे तर दोनशे होतील म्हणते.

मी पॉलिटेक्निकला, दुसरं वर्ष.
नळाच्या तोंडात तांब्याच्या दोन तारा सोडल्या,
सर्किट बसवलं शेंगाचटणीच्या डब्यात,
कितीही धुतला तरी लसणाचा वास जात नाही त्याचा.
पाणी तारांना भिडलं की मोबाइलवर घंटी.
पहिल्यांदा वाजली ती मुंगळ्यामुळे.
दुसऱ्यांदा पाणीच.
आई तेव्हा सलग पाच तास झोपलेली होती.
धडपडत उठली, ओरडली, नीळ्ळु वच्चिनय!
आणि हंडा लावायचा सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

मग गल्लीने मागितलं.
बावीस घरं, बावीस मोबाइल, एक घंटी.
सर म्हणाले, वा, स्केल होतंय की.

त्या रात्री बावीस मोटारी एकदम सुरू झाल्या.
होतं तेवढं टाकीकडच्या घरांनी ओढलं.
शेवटी नरसुबाई गाजुलच्या नळाला
सुतासारखी धार,
मग नुसती हवा.
एरवी तीच सगळ्यांच्या आधी उठायची.
कान तिखट, तेवढंच तिचं भांडवल.
ते मी बावीस जणांत वाटून टाकलं.

सकाळी कळशी घेऊन आली. भांडली नाही.
"यंत्र चांगलंय गं तुझं," म्हणाली,
"आमचं घर कुठाय ते तेवढं त्याला सांग."

तारा ठीक आहेत. बॅटरी ठीक आहे.
बदलायची ती एकच ओळ:
घंटी आधी कोणाला,
मग किती मिनिटांनी कोणाला.
ही कुठल्या विषयात येते ते सिलॅबसमध्ये शोधलं.
मग वही काढून बावीस नावं लिहिली,
शेवटच्या घरापासून उलटी.

कट्टा बांधता बांधता आई डोकावली.
"काय करलालीस गं?"
सांगितलं.
तंबाखूचं बोट एकेका नावावरून खाली आणत ती थांबली.
"आपण सतरावे?"
"हो."
बराच वेळ काही बोलली नाही.
मग दाताने दोरा तोडला.
"सतराव्याला किती वाजतील तेवढं बघून ठेव.
तोवर माझ्या शंभर होतील."