घरट्याचा राखणदार

बोलू नका इथून पुढे.
कॅमेऱ्याचा पट्टा हातात धरा, तो डोणीला आपटतो,
आणि त्या आवाजाला पक्षी माणूस म्हणतात.

पाटीवर वाचलंत ना, बांगवेउलू म्हणजे
जिथं पाणी आभाळाला भेटतं.
एकोणपन्नास वर्षं आहे मी इथं,
भेटताना अजून पाहिलं नाही.
मधे कुणाचं ना कुणाचं जाळं असतंच.

उतरा. चालताना थांबू नका.
ही जमीन नव्हे, लव्हाळ्याची गादी आहे,
एका जागी उभं राहिलात
की ती तुमच्याबद्दल विचार करायला लागते.

लांब ते काळपट हलतंय ना, ते लेचवे.
घोटाभर पाण्यात हजार हरणं पळतात,
तेव्हा साऱ्या गावच्या बायका
एकदम धुणं आपटतायत असं वाटतं.

आणि तो बघा. करडा.
नाही, ओंडका नव्हे.
ओंडका इतका वेळ स्थिर राहत नाही.
चोच बुटासारखी, असं तुम्ही म्हणता.
मी पहिला बूट घातला तो ही नोकरी लागल्यावर,
तेव्हा वाटलं, अरे, ही तर त्याची चोच.

आधी मी पिल्लं विकायचो.
कासोमा नावाचा व्यापारी सायकलवरून यायचा,
एका पिल्लाला मक्याच्या पिठाची दोन पोती.
आता तीच घरटी राखतो.
महिन्याचा पगार,
दोन पोत्यांहून थोडा कमी.
हसा, पण हळू.

आत दोन पिल्लं आहेत.
धाकटं पाच दिवसांनी लहान.
थोरलं त्याला टोचतं, मानेवर, रोज त्याच जागी.
आई चोचभर पाणी आणते,
थोरल्याच्या अंगावर ओतते, उडून जाते.
मला सांगितलंय, लांब बसायचं, वहीत लिहायचं.
माणूस आला तर शिट्टी.
गवत पेटलं तर शिट्टी.
भाऊ भावाला मारत असेल तर
काही सांगितलेलं नाही.

काल वहीत लिहिलं : दोन.
रात्री म्वेन्याला सगळं बोललो.
ती म्हणाली, मग तू राखतोस तरी काय?
मी उबवालीचा गोळा मोडत राहिलो,
खाल्ला नाही बराच वेळ.

घ्या दुर्बीण. काच ओली आहे, पुसा आधी.
डावीकडे, मोडक्या दांड्याच्या खाली.
किती दिसतात?

थांबा, लगेच सांगू नका.
पुन्हा एकदा बघा.