पाठकोरे

दोन रेघा आहेत. वरची निळी, कॅमेरूनची.
खालची गेरूच्या रंगाची, ती आमची, चाडची.
वीस ते चोवीस वयाच्या बायका,
शंभरातल्या किती माध्यमिक शाळा ओलांडतील,
थेट दोन हजार पन्नासपर्यंत.
निळी चढते, धाप न लागता.
गेरूची चालते
डोक्यावर भरली बादली असल्यासारखी,
मान न हलवता.

मी देनेमाजी. एन्जामेनातल्या सांख्यिकी कचेरीत
तिसऱ्या मजल्यावर बसते.
साहेब म्हणाले, तुलना उठून दिसतेय,
फक्त आपला रंग जरा सौम्य करा.

खरं तर इथं या दोन देशांच्या मध्ये
एक लोगोन नदी आहे, उन्हाळ्यात अंग चोरून वाहणारी,
आणि न्गेलीचा पूल.
पुलावरून रोज जातं-येतं साबण, साखर, प्लास्टिकची घमेली,
तीनचाकीवर माल लादलेले, पाय नसलेले व्यापारी,
आणि सकाळी पावणेसातला
इस्त्री न केलेल्या गणवेशातली आश्ता.

आश्ता माझ्या शेजारच्या जेनाबाची.
घर या तीरावर. शाळा त्या तीरावर, कूसेरीत,
कारण इकडचे गुरुजी फेब्रुवारीत संपावर गेले
ते आंबे उतरले तरी आले नाहीत.
तिकडच्या हजेरीपटावर ती आश्ता नाही,
फालमाता आहे, मावसबहिणीच्या दाखल्यावर.
खरी फालमाता पंधराव्या वर्षी
लग्न होऊन मारुआला गेली.
बाकावर तिची जागा होती,
दप्तरही होतं, एक बंद तुटलेलं.

आता मला सांगा,
ही पोर मी कुठल्या देशात मोजू?
निळ्या रेघेत फालमाता शिकतेय,
जी शिकत नाही.
गेरूच्या रेघेत आश्ता घरी आहे,
जी घरी नाही. जेनाबानंच सांगितलं होतं मोजणीवाल्याला:
मुलगी? एक. भांडी घासते.
(घासतेही. पुलावरून परतल्यावर.)

आणि त्या दोन हजार पन्नासच्या बायका.
मी साधी वजाबाकी केली, बोटांवर:
त्यांतली एकही अजून जन्मलेली नाही.
कुणाच्या पोटातसुद्धा नाही,
आणि मी त्यांना रकान्यांत बसवून मोकळी.
इतक्या 'शाळा नाही'. इतक्या 'प्राथमिक अपूर्ण'.
बारशाच्या आधीच दाखला.

खाली बारीक अक्षरात एक गृहीतक आहे:
'सध्याचा कल कायम राहील.'
हे वाक्य माझंच. भाषा बरी आहे म्हणून
माझ्याकडे आलं.
माझ्या शाळेच्या अर्जावर आईचा अंगठा होता,
जांभळा, जरासा तिरका, चौकटीबाहेर गेलेला.
त्या वर्षी आमच्या घरातला कल कायम राहिला असता
तर हे वाक्य लिहायला
इथं कोण बसलं असतं?

पण एकटीनं रेघ हलत नाही.
तेही ठाऊक आहे मला.
शिकले म्हणजे तेच तर शिकले.

गुरुवारी संध्याकाळी आश्ता कचेरीत आली
पाठकोरे कागद न्यायला.
जुने तक्ते, चुकलेल्या प्रती, मागच्या वर्षीची भाकितं,
मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवते.
मागच्या बाजूला ती बीजगणित सोडवते,
क्ष ची किंमत काढते, खोडते, पुन्हा काढते.

पडद्याकडे बघून म्हणाली, यात मी कुठंय?
मी दोन रेघांच्या मधल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.
ती म्हणाली, तिथं तर पाणी आहे, ताई.

मग वीज गेली.
फाइल जतन केली होती की नव्हती, आठवेना.
खिडकीतून पाहिलं तर खाली, उरल्या उजेडात,
पायरीवर बसून ती गठ्ठ्याच्या पिना काढत होती,
एकेक, दातांनी.