पंखा ३

रावेर सोडून पालच्या चढाला लागलं की
लीलाधर फेगड्यांची फार्गो
तिसऱ्या वळणावर खोकायची.
एक उसासा,
मग नुसता चाकाखालच्या खडीचा आवाज, मागे सरकणारा.
क्लीनर दगड घेऊन उडी टाकायचा.

जुनं इंजिन होतं तेव्हा असं नव्हतं.
ते दमायचं, थांबायचं नाही.
हे नवं, म्हणजे लष्कराच्या लिलावातलं,
सहा सिलिंडर, अंगात मस्ती,
मॅनिफोल्ड एवढा तापायचा की
रात्री बॉनेट उघडलं तर जांभूळलाल दिसावा,
आणि त्याच्याच डोक्यावर कार्बोरेटर,
चुलीवर दुधाचं पातेलं विसरावं तसा.

पंपाच्या काचेच्या वाटीत बुडबुडे.
लीलाधरभाऊ केळीची ओली सोपटं गुंडाळायचे नळीला,
पाच मैलांत त्यांचा कागद व्हायचा.
"गाडी मले नाही भेत, उन्हाले भेते,"
ते सांगायचे, शिव्या संपल्या की.

हुसनोद्दीन मिस्त्री ऐकून घ्यायचे.
त्यांच्याकडे मी दिवा धरायला होतो,
दिवा आणि पान्हे, आणि तोंड बंद.
"उन्हाचं नाव कशाला घेता," एवढंच म्हणाले.
"घरातलीच आग आहे."

आधी बाभळीची फळी घातली मध्ये.
तिसऱ्या दिवशी कडा कोळसा,
फटीतून हवा शिरून इंजिन वर-खाली, वर-खाली.
मिस्त्रींनी ती फळी सदऱ्याच्या खिशात टाकली
आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग फैजपूरची बंद पडलेली जिनिंग.
कापूस गेलेला, भिंतीवर स्विचबोर्ड राहिलेला,
काळंभोर बेकेलाइट, अर्धा इंच जाड.
करवतीला दवाखान्याच्या फरशीचा वास आला.
पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, पंखा ३.
ती अक्षरं कापायची नाहीत, मिस्त्री म्हणाले.
का, ते मी विचारलं नाही.

बोल्ट आखूड पडले.
भुसावळच्या टर्नरकडे, एकनाथ झोप्यांकडे, दोन खेपा.
शेंगदाणा तेलाचा डबा फाडून पत्रा,
चकाकती बाजू खाली, आगीकडे.
नळी चासीच्या बाहेरून, वाऱ्यातून नेली.
सगळं बसलं,
फक्त बॉनेट बसेना.
अर्धा इंच वर आलं होतं सगळं घर.
गोणपाट धरून आतून ठोकलं,
टेंगूळ राहिलं ते राहिलंच.
नाक्यावर विचारायचे, काय हो, कुणी मारलं हिला?

मे महिना, दुपारचे दोन, साठ घड केळी.
तिसरं वळण गेलं.
कुणी काही बोललं नाही.
पाचवं गेलं.
वर पोचल्यावर मिस्त्रींनीच किल्ली फिरवून बंद केली
आणि सावलीत बसून बिडी पेटवली.
मला वाटलं झालं.
"झालं नाही," ते म्हणाले,
"चालताना वारा असतो.
थांबल्यावर खालची आग वर चढते. आता बघायचं."

एक बिडी. मग दुसरी.
लीलाधरभाऊ टायरला लाथ मारून आले, परत आले.
वीस मिनिटांनी मला म्हणाले, हात ठेव.
मी डोळे मिटून ठेवला.
ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतकं.
ठेवता येत होता हात.

अर्ध्या आचक्यात इंजिन लागलं.

ती फार्गो पुढे भंगारात गेली,
वजनावर, टेंगळासकट.
मिस्त्री त्याच्या आधी.
मी फक्त बेकेलाइट मागून घेतलं,
मध्ये भोक, चार कोपऱ्यांत चार भोकं.
बायको त्यावर चहाचं भांडं ठेवते.
टेबलावर डाग पडत नाही, म्हणते.
पेट्रोलचा वास येतो असं मी म्हणतो,
ती म्हणते, तुमच्या नाकात बसलाय.
भांडं उचललं की अक्षरं दिसतात,
आकडा झिजत चाललाय,
पंखा अजून वाचता येतो.