खालचा आवाज

साडेआठ हजार. वर एक रुपया नाही,
असं ठरवून आम्ही गणपती पेठेत शिरलो,
मी, राजमती आणि आठवीतला श्रेणिक,
ज्यानं वहीच्या मागच्या पानावर
इंच, वॅट, हर्ट्झ असे तीन रकाने आखले होते.

रियाज शिकलगारानं आधी मोठा खोका पुढं ओढला.
बारा इंची, निळ्या दिव्याचा,
अंगावर छापलेलं : पाच हजार वॅट.
"पाच हजार?" राजमती म्हणाली,
"आमच्या गल्लीतली गिरणी एवढी ओढत नाही वो."
रियाज हसला, छापलेल्यावर अंगठा ठेवून म्हणाला,
"वहिनी, हे वाचायचं नसतं."

त्यानं सिनेमा लावला. एक इमारत कोसळली.
काउंटरवरची पेनं नाचली, श्रेणिकचा जबडा खाली.
"इमारत काय रोज पडणार आहे घरात?
तबला लावा. नुसता डग्गा ऐकू दे."

डग्गा लागला आणि मोठा खोका उघडा पडला.
एक घुमारा विरायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर;
पंगतीत आग्रह करणाऱ्या मामासारखा
नको नको म्हणताना तोच स्वर वाढत राहिला.

मग कोपऱ्यातला. आठ इंची, बंद पेटीचा, हवेला भोक नाही.
कुणीतरी परत केलेला, डाव्या बाजूला ओरखडा.
मनगट चामड्यावर दाबून पुढं सरकतं ना,
ते सरकणं ऐकू आलं.
आणि जिथं थांबलं
तिथं थांबलं.

मी हरिपुरात पोचलो होतो.
हळद काढून रिकाम्या झालेल्या पेवाच्या तोंडाशी
आम्ही पोरं पालथी पडून हाक मारायचो.
वर यायची ती हाक आमची नसायची,
जाड, गार, हळदीच्या वासाची,
खाली कुणी थोराड माणूस राहत असल्यासारखी.
बाप पेवात उतरायचा. आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर आत हवा नाही, आज काम नाही.
जळत राहिला, तर धोतर खोचायचा.
पाच सालच्या पुरात पाणी खालून भरलं.
आता त्या अंगाला प्लॉट पडलेत.

"हाच," मी म्हणालो. श्रेणिकनं वही मिटली, थोडी जोरात.
सात हजार दोनशे, वायर फुकट.

रियाजचा सल्ला असा :
खोका आधी बसायच्या जागी ठेवा आणि तुम्ही रांगा.
आवाज जिथं भरदार पण चिकट नाही, तिथं त्याचं घर.
तर खोका सोफ्यावर, पहिल्या दिवाळीच्या जावयासारखा,
आणि आम्ही तिघं फरशीवर, गुडघ्यांवर, कान खाली.
टीव्हीच्या पायाशी काहीच नाही.
फ्रिजच्या कोपऱ्यात पाझरलेल्या गुळासारखा.
मांडणीजवळ डबे बोलायला लागले, तिकडून परत.
सोफ्याखाली कानातल्याची फिरकी सापडली, दोन वर्षांपूर्वीची.
दार उघडंच होतं. खालचे हिंगमिरे काका उंबऱ्यात उभे :
"काय हरवलंय?"
कुणालाच सांगता येईना.
ते बिचारे चष्मा पुसून फरशी बघायला लागले.

शेवटी शिलाई मशीनच्या पायडलपाशी राजमती थांबली.
"इथं." आम्ही डोकी जवळ नेली. खरंच, इथं.

काकांशी ठरलंय : दहानंतर बटण निम्म्याच्या खाली.
रविवारी दुपारी एक इमारत पाडायची मुभा आहे.

काल रात्री सगळे झोपल्यावर
मी आवाज अगदी बारीक करून डग्गा लावला
आणि तळवा फरशीवर ठेवून बसलो.
मशीनखालच्या अंधारात खोक्याचा हिरवा दिवा,
एवढासा, हलत नाही.
मी बराच वेळ बघत राहिलो.
विझला नाही.